खेळाडूचा गुन्हा आणि महाविद्यालयाचे कर्तव्य

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्याच्या शेंड्याला झेंडा बांधला जातो आणि एका तीरावर पांढुर्ण्याचे, तर दुसऱ्या तीरावर सावरगावचे लोक उभे राहून परस्परांवर दगडांचा वर्षाव करतात. हीच ती गोटमार. सूर्य मावळेपर्यंत शेकडो लोक रक्तबंबाळ होतात. १९५५ सालापासून या खेळाने अनेकांचे बळी घेतल्याचे सांगितले जाते. प्रशासन दरवर्षी मनाई हुकूम काढते, गोफणीला बंदी करते आणि त्याच नदीकाठी प्रथमोपचाराचे तंबू उभारून रुग्णवाहिकाही सज्ज ठेवते. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रयोग एकदा झाला. लोकांनी दगडच उचलले. कायदा त्या दिवसापुरता काठावर उभा राहून पाहत असतो.

आम्हां गोमंतकीयांना या प्रकाराकडे पाहून नाक मुरडण्याचा मुळीच अधिकार नाही. १९९६ साली उच्च न्यायालयाने धिरयोंवर बंदी घातली, तरी त्यानंतरही धिरयो चोरून भरत राहिल्या, हे येथील प्रत्येकास ठाऊक आहे. समाजाला जे प्रिय असते, त्यापुढे कायद्याने मान तुकवायची, हा रोग काही एका नदीच्या काठापुरता नाही. आज आम्ही पांढुर्णा-सौंसरचा विषय काढला आहे, तो गोटमारीवर आणखी एक निषेधाचा ठराव करण्यासाठी नव्हे. अशा वातावरणात वाढणाऱ्या आणि मैदानावर नाव मिळवू पाहणाऱ्या महाविद्यालयीन तरुणाला शिस्त लावायची ती कोणी आणि कशी, हा आमचा प्रश्न आहे.

पांढुर्णा आणि सौंसर हे मध्य प्रदेशातील मराठी मुलूख. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, छिंदवाडा मात्र मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याच्याबरोबर हे दोन तालुकेही राहिले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. संत्र्यांच्या बागा, कापूस, नागपूरकडे धावणारी रेल्वे आणि घराघरांत बोलली जाणारी वऱ्हाडी वळणाची मराठी ही या भागाची ओळख. येथील शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या मुलापुढे वर येण्याचे जे थोडे मार्ग आहेत, त्यांत खेळ हा एक. कबड्डीत वा कुस्तीत प्रावीण्य मिळवावे, विद्यापीठाच्या संघात निवड व्हावी, प्रमाणपत्र हाती यावे आणि त्याच्या बळावर पोलीस, सैन्य किंवा रेल्वे यांत नोकरी मिळावी, एवढेच त्याचे स्वप्न. म्हणूनच खेळाडूच्या शिस्तीचा प्रश्न तेथे करमणुकीचा उरत नाही. तो पोटाचा होतो.

आता अशी कल्पना करा. महाविद्यालयाच्या संघातील एक उत्तम चढाईपटू आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा चार दिवसांवर आली आहे. बसस्थानकावर काही क्षुल्लक कारणावरून बाचाबाची होते, तो एका मुलाला बेदम मारतो, पोलिसांत तक्रार नोंदली जाते. किंवा याहून वाईट, तो एका विद्यार्थिनीची वाट अडवतो आणि ती धीर करून प्राचार्यांकडे येते. प्राचार्यांनी काय करावे? आमच्याकडे याची तीन उत्तरे रूढ आहेत आणि आमच्या मते ती तिन्ही चुकीची आहेत.

पहिले उत्तर झाकपाकीचे. ‘पोरच ते, चुकले, आता स्पर्धा तोंडावर आली आहे, नंतर बघू.’ क्रीडाशिक्षक मध्यस्थी करतात, एखादा स्थानिक पुढारी दूरध्वनी करतो, फिर्यादीच्या बापाची समजूत घातली जाते. मुलगा खेळतो, संघ जिंकतो, ढाल प्राचार्यांच्या कपाटात जाऊन बसते. यातून मुलगा जे शिकतो, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते: आपल्या अंगात बळ असेपर्यंत आपल्याला नियम लागू नाहीत. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, ही आमच्या पूर्वजांची म्हण अशाच प्रसंगांसाठी आहे. ज्या अमेरिकेत महाविद्यालयीन खेळ हा प्रचंड पैशांचा व्यवहार बनला आहे, तेथे या झाकपाकीचे फळ काय येते, ते २०१६ साली टेक्सासमधील बेलर विद्यापीठात दिसले. फुटबॉलपटूंवरील लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी वर्षानुवर्षे नीट हाताळल्याच गेल्या नव्हत्या, असे चौकशीत आढळले. अखेर संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला घालविण्यात आले आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांनाही पद सोडावे लागले. ज्यांच्यासाठी तक्रारी दाबल्या, त्या विजयांची आठवण आज कोणी अभिमानाने काढत नाही.

दुसरे उत्तर याच्या नेमके उलटे. बातमी वृत्तपत्रात आली, मोर्चा निघाला, की त्याच संध्याकाळी मुलाचे नाव पटावरून काढून टाकायचे. त्याला विचारणे नाही, कागद पाहणे नाही. कालपर्यंत हार घालणारे हात आज पहिला दगड उचलतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे उदाहरण या घाईवर चांगलाच प्रकाश टाकते. २००६ साली तेथील लॅक्रॉस या खेळाच्या तीन खेळाडूंवर बलात्काराचा आरोप झाला. संघाचा त्या वर्षीचा हंगाम रद्द झाला, प्रशिक्षकाला राजीनामा द्यावा लागला आणि अर्ध्या देशाने मुलांना दोषी ठरवून टाकले. २००७ च्या एप्रिलमध्ये त्या राज्याच्या महान्यायवादींनी तिघेही निर्दोष असल्याचे जाहीर केले. पुरावा दडविणाऱ्या सरकारी वकिलाची सनद गेली. आरोप करणाऱ्या स्त्रीने तर २०२४ मध्ये आपण खोटे बोललो अशी कबुली दिली. यावरून तक्रारदार स्त्रिया खोटे बोलतात असा निष्कर्ष काढणे हा शुद्ध अन्याय होईल. बेलरचे उदाहरण आम्ही आधी दिले ते त्यासाठीच. निष्कर्ष एवढाच, की चौकशी न करता सोडणे आणि चौकशी न करता ठोकणे, ही एकाच आळसाची दोन रूपे आहेत.

तिसरे उत्तर सर्वांत प्रतिष्ठित दिसते आणि म्हणूनच अधिक फसवे आहे. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, न्यायालयाचा निकाल येऊ द्या.’ हा निकाल केव्हा येतो? नवज्योतसिंग सिद्धू यांचे प्रकरण पाहावे. २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळा येथे गाडी उभी करण्यावरून वाद झाला आणि त्यात ६५ वर्षांचा एक गृहस्थ मरण पावला. सिद्धू तेव्हा भारताचे कसोटीपटू होते. १९९९ साली सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, २००६ साली उच्च न्यायालयाने दोषी ठरविले, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने मारहाणीबद्दल १००० रुपये दंड केला आणि १९ मे २०२२ रोजी त्याच न्यायालयाने फेरविचार करून एक वर्षाची सक्तमजुरी दिली. तेहतीस वर्षांहून अधिक काळ! तोवर खेळाडूची संपूर्ण कारकीर्द संपली, समालोचन झाले, राजकारणही झाले. त्या शेवटच्या निकालातील एक विचार प्रत्येक व्यायामशाळेत सांगावा असा आहे. मुष्टियोद्धा, मल्ल, क्रिकेटपटू किंवा अत्यंत बळकट शरीराचा माणूस यांचा नुसता हातही शस्त्र ठरू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. सामान्य विद्यार्थ्याची चापट आणि मल्लाची चापट एकच नव्हे. जे बळ महाविद्यालयाने खुराक देऊन, सराव घेऊन, मैदान उपलब्ध करून वाढविले, त्या बळाच्या वापराची थोडी जबाबदारी महाविद्यालयाकडेही येते.

गौरवाने माणूस सुधारतो, हा आमचा एक लाडका समज आहे. सुशीलकुमार हा २००८ च्या बीजिंग आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पदके मिळविणारा मल्ल. ४ मे २०२१ च्या रात्री दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये झालेल्या मारहाणीत एका तरुण मल्लाचा मृत्यू झाला आणि त्या प्रकरणी सुशीलकुमारला अटक झाली. रेल्वेने त्याला लगोलग निलंबित केले. २०२२ मध्ये न्यायालयाने आरोप निश्चित केले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा जामीनही रद्द केला. तो दोषी की निर्दोष, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे आणि त्यात आम्ही पडणार नाही. पण ज्या आखाड्यातून देशाला पदके मिळाली, त्याच आवारात कोवळ्या वयाचा एक मल्ल मार खाऊन मरतो, यावरून पदके आणि शिस्त या दोन गोष्टी आपोआप हातात हात घालून येत नाहीत, एवढे तरी मान्य करावयास हवे.

विशेष म्हणजे मैदानाच्या आतील गैरवर्तनाला आम्ही चटकन शिक्षा करतो. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत शिवराज राक्षे याने पंचाला लाथ मारली. त्याच्यावर आणि महेंद्र गायकवाड याच्यावर लगोलग तीन वर्षांची बंदी आली. पंचाच्या अंगावर गेलेल्या पायाची दखल काही तासांत घेणारी आमची क्रीडाव्यवस्था, रस्त्यावर सामान्य माणसाच्या अंगावर गेलेल्या हाताबद्दल मात्र ‘हा त्याचा खासगी प्रश्न’ म्हणून मोकळी होते. पंचाला प्रतिष्ठा आहे आणि बसस्थानकावरच्या मुलाला नाही, असाच याचा अर्थ नव्हे काय?

मग महाविद्यालयाने न्यायालयाची वाट पाहिलीच पाहिजे काय? कायदा तसे म्हणत नाही. श्रीशांत या क्रिकेटपटूच्या प्रकरणात २०१५ साली फौजदारी न्यायालयाने त्याला आरोपमुक्त केले होते, तरी क्रिकेट मंडळाची शिस्तभंगाची कारवाई त्यामुळे आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०१९ रोजी स्पष्ट केले. त्याच निकालात न्यायालयाने आजन्म बंदीची शिक्षा मात्र रद्द करून मंडळाला शिक्षेच्या प्रमाणाचा पुन्हा विचार करावयास सांगितले. पुढे ती सात वर्षांवर आली. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. फौजदारी न्यायालय तुरुंगात पाठवावयाचे की नाही ते ठरविते. महाविद्यालय फक्त एवढेच ठरविते, की या विद्यार्थ्याने आमच्या नावाचा गणवेश घालावा की घालू नये. गणवेश हा हक्क नाही, तो मान आहे. पण मान काढून घेतानाही मापात काढून घ्यावा लागतो.

विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय त्याला शिक्षा करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील घनश्यामदास गुप्ता प्रकरणात १९६२ सालीच सांगितले. परंतु त्याहून आमच्या विषयाला जवळचा निकाल आहे तो १९७३ चा, रांचीच्या राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयाचा. रात्री मुलींच्या वसतिगृहात शिरून काही विद्यार्थ्यांनी असभ्य वर्तन केले. प्राचार्यांनी चौकशी समिती नेमली. तिने मुलींचे जबाब त्या विद्यार्थ्यांच्या पश्चात घेतले, अनेक छायाचित्रांतून ओळख पटवून घेतली आणि मग आरोपी विद्यार्थ्यांना बोलावून त्यांच्यापुढे आरोप ठेवून त्यांचे म्हणणे घेतले. त्यांना दोन वर्षांसाठी काढून टाकण्यात आले. आम्हाला मुलींची उलटतपासणी घेऊ दिली नाही, अशी तक्रार घेऊन ते सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने ती फेटाळली. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. ज्या मुलींना उद्या त्याच रस्त्याने जायचे आहे, त्यांना गुंडांसमोर उभे करणे म्हणजे न्याय नव्हे, असा त्याचा आशय. पन्नास वर्षांपूर्वीचा हा निकाल आमच्या किती प्राचार्यांनी वाचला असेल?

या सर्वांवरून आम्हांस जे योग्य वाटते, ते आता स्पष्ट सांगतो. वर्षाच्या आरंभी, संघनिवडीच्या आधी, प्रत्येक खेळाडूच्या हाती एक पानाची नियमावली द्यावी आणि त्याची व त्याच्या पालकांची सही घ्यावी. पांढुर्णा-सौंसरसारख्या भागात ती हिंदीबरोबर मराठीतही असावी; न समजलेल्या नियमाने कोणाला बांधता येत नाही. मारहाण, छेडछाड, मद्यपान, रॅगिंग, जुगार, यांपैकी कशाला कोणती शिक्षा, हे घटना घडण्यापूर्वी लिहिलेले असावे, म्हणजे स्पर्धेच्या आदल्या दिवशी कोणाचा दूरध्वनी आला तरी प्राचार्यांना त्या पानाकडे बोट दाखविता येईल.

दुसरे, चौकशी समितीत संघाचा प्रशिक्षक नसावा. त्याचे म्हणणे अवश्य ऐकावे. पण ज्याचा मान विजयावर अवलंबून आहे, त्याच्या हाती तराजू देऊ नये. विद्यार्थिनीची तक्रार असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांप्रमाणे जी अंतर्गत समिती प्रत्येक महाविद्यालयात असावयास हवी, तिच्याकडेच प्रकरण जावे. क्रीडाविभागाच्या खोलीत चहा पाजून ते मिटवू नये. आणि गुन्हा गंभीर असेल तर पोलिसांना कळविणे हे महाविद्यालयाचे कर्तव्य आहे. महाविद्यालयाची शिस्त ही फौजदारी कायद्याची पळवाट होता कामा नये.

तिसरे, चौकशी चालू असता खेळाडूला संघाबाहेर ठेवावे, वर्गाबाहेर नव्हे. खेळ थांबला तर एक हंगाम जातो. शिक्षण थांबले तर मुलगा जातो. चौकशी महिनाभरात संपलीच पाहिजे, नाही तर निर्दोष मुलाचा हंगाम आमच्या आळसापायी बुडेल.

चौथे, शिक्षा अपराधाच्या मापाची असावी आणि तिच्यातून काही तरी भरपाई व्हावी. २०१९ च्या जानेवारीत हार्दिक पंड्या आणि लोकेश राहुल या क्रिकेटपटूंनी दूरचित्रवाणीवर स्त्रियांविषयी असभ्य उद्गार काढले. मंडळाने त्यांना ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परत बोलावले, दोन आठवड्यांच्या आत निलंबन उठविले आणि पुढे लोकपालांनी प्रत्येकी २० लाख रुपये भरावयास लावले. त्यांतील निम्मी रक्कम हुतात्मा निमलष्करी जवानांच्या विधवांसाठी, तर निम्मी अंध क्रिकेटपटूंसाठी होती. दोघेही पुन्हा देशासाठी खेळले. पांढुर्ण्याच्या मुलाकडे लाखो रुपये नाहीत. पण बळ आहे, वेळ आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने किरकोळ गुन्ह्यांसाठी सामुदायिक सेवेची शिक्षा प्रथमच आणली आहे. महाविद्यालयानेही तोच धडा घ्यावा. ज्याने मारहाण केली, त्याने जखमी मुलाची क्षमा मागावी, त्याच्या औषधपाण्याचा खर्च द्यावा आणि एक हंगाम शाळेतील लहान मुलांच्या मैदानावर चुना मारावा, पाणी शिंपावे, पंचाच्या हाताखाली काम करावे. पंचाच्या जागेवरून खेळ पाहिला, की नियमाची किंमत कळते.

पाचवे आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे: परतीची वाट उघडी ठेवावी. येथे प्रश्न पुन्हा पोटाकडे येतो. पोलीस भरतीच्या वेळी चारित्र्यपडताळणी होते आणि त्या वेळी अनेक मुले भीतीपोटी जुना खटला लपवितात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतारसिंग प्रकरणात सांगितले, की उमेदवाराने दिलेली माहिती खरीच असली पाहिजे. मात्र कोवळ्या वयात दिलेल्या घोषणांसारख्या क्षुल्लक बाबी लपविल्याकडे नेमणूक करणारा अधिकारी उदारपणे पाहू शकतो. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यान्वये चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. हे मुलांना कोण सांगणार? आमची महाविद्यालये स्पर्धेचे वेळापत्रक लावतात. कायद्याचे हे चार शब्द कोणी लावत नाही. वर्षातून एक दिवस एखादा वकील आणि एखादा पोलीस अधिकारी मैदानावर बोलावून खेळाडूंशी बोलू द्यावे. एका क्षणाच्या रागाची किंमत दहा वर्षांच्या सरावाएवढी असू शकते, हे त्यांना गुन्ह्याच्या आधी कळले पाहिजे, नंतर नव्हे.

काही जण म्हणतील, की गरीब घरच्या मुलावर एवढे नियम का लादता? श्रीमंतांची मुले तर पैशाच्या बळावर सुटतात. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण लिहिलेला नियम नसतो, तेथेच ओळख चालते आणि ओळख ही गरिबाची कधीच नसते. नियम लेखी असेल, चौकशी खुल्या मनाची असेल, तर आमदाराचा पुतण्या आणि बागेतल्या मजुराचा मुलगा एका रेषेवर येतात. शिस्त ही गरिबाच्या विरुद्ध नाही. ती त्याचेच संरक्षण आहे. आणि मार खाणारा मुलगा, वाट अडविली गेलेली मुलगी, हीदेखील बहुधा गरीबच असतात, हे या आक्षेपात हमखास विसरले जाते.

शेवटी पुन्हा जाम नदीच्या काठावर येऊ. महाविद्यालय चांगली नियमावली करील, पण आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? ज्या गावात वर्षातला एक दिवस दगड मारणाऱ्या हाताचे कौतुक होते, त्या गावातील वडीलधाऱ्यांनी उरलेल्या दिवशी मुलांना शिस्तीचा उपदेश करावा, यात विसंगती आहे. पांढुर्णा आणि सावरगावच्या लोकांची श्रद्धा आम्ही दुखवू इच्छित नाही. झाड रोवावे, झेंडा लावावा, विजयानंतर तो चंडीमातेच्या चरणी अर्पण करावा. पण त्या झेंड्यापर्यंत पोहोचण्यासाठी दोन गावांच्या तरुणांनी दगडांऐवजी कबड्डी, कुस्ती, पोहणे यांत झुंजावे, पंचाच्या शिट्टीवर थांबावे आणि हरलेल्याने जिंकणाऱ्याला उचलून खांद्यावर घ्यावे. याची सुरुवात महाविद्यालयांतील खेळाडूंनीच करावी. त्यांच्या मनगटाला गावात मान आहे. दगड टाकून देण्याचा पहिला मान त्यांनी घेतला, तर त्यांना शिस्त लावण्याची वेळ प्राचार्यांवर क्वचितच येईल.